कामाला गिऱ्हाईक कोण?

'प्रिय उमेदवार, आमच्या एचआर विभागाने आपला बायोडेटा निवडला आहे. घरून काम, रोज दोन तास, दरमहा २८,००० रुपये. अनुभवाची अट नाही. जागा मर्यादित असल्याने आज सायंकाळी सहापर्यंत होकार कळवावा.'

नोकरीच्या एखाद्या संकेतस्थळावर ज्याने कधीकाळी आपला बायोडेटा टाकून ठेवला आहे, त्याला या मजकुराची मेल आज ना उद्या येतेच. रकमेचा आकडा बदलतो, कंपनीचं नाव बदलतं, पत्ता कधी हिंजवडीचा असतो, कधी बीकेसीचा, कधी पणजीचा. थोडं काम आणि भरपूर पैसे हे गणित मात्र बदलत नाही.

अशी मेल ओळखायची कशी, असं कुणाला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: व्याकरण बघा, स्पेलिंगच्या चुका बघा. माझ्या मते हा सल्ला आता मोडीत काढायला हवा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक निबंध लिहिला होता. राजपुत्राच्या खजिन्याचं आमिष दाखवणारे नायजेरियन ठग आपण नायजेरियाचे आहोत असं उघडपणे का सांगतात, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं की मेल जितकी बावळट, तितकं ठगाचं काम सोपं. लाखभर मेल पाठवायला त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. वेळ जातो तो उत्तर देणाऱ्याच्या मागे लागण्यात. संशयी माणसाने पहिल्याच ओळीला हसून मेल पुसून टाकली तर ठगाचा वेळ वाचतो. नोकरीच्या मेलला हा हिशेब पुरता लागू पडत नाही. इथे आमिष कुण्या राजपुत्राच्या खजिन्याचं नसतं, २८,००० रुपयांचं असतं, आणि तेवढे पैसे कुणी देऊ शकेल असं शहाण्या माणसालाही वाटू शकतं. शिवाय एआयच्या कृपेने आता ठगाची मराठी बऱ्याच सरकारी परिपत्रकांपेक्षा चांगली झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घावरून ठग पकडायचे दिवस गेले.

म्हणून या पुस्तकात मेलच्या आधी मेलमधल्या कामाकडे बघितलं आहे. या कामाला गिऱ्हाईक कोण? मी टाइप केलेली पानं कुणाला हवी आहेत, तो त्यांचं काय करणार आहे, आणि मी ती चुकीची टाइप केली तर त्याचं नेमकं काय बिघडणार आहे? खऱ्या कामाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असतात, आणि ती द्यायला कुणी आढेवेढे घेत नाही. खोट्या कामाचं गिऱ्हाईक शोधायला गेलं की शेवटी आपणच सापडतो.

घरून काम ही काही २०२० च्या टाळेबंदीने आणलेली गोष्ट नव्हे. सोलापूर, सिन्नर, निपाणी या भागांत बायकांच्या पिढ्यान् पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या. तेंदूची पानं आणि तंबाखू ठेकेदाराने द्यायचा, मजुरी हजार विड्यांवर ठरायची. हे काम काही सुखाचं नव्हतं. पानं कमी मिळत, तंबाखू फुफ्फुसात जाई, आणि माल द्यायला गेलं की 'छाट' म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात, त्यांची मजुरी बुडे. पण शोषण होतं म्हणून काम खोटं होत नाही. विडीला ओढणारा होता, ठेकेदाराला माल हवा होता, आणि कच्चा माल त्याच्या खिशातून येत होता. छाटीवरून भांडण झालंच तर दाद कुठे मागायची, याची तरतूदही विडी-सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात केलेली होती. दुसरं उदाहरण लिज्जतचं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्या कामाची जी पद्धत बसली तीत सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. वजन डोळ्यांसमोर व्हायचं.

दोन्हीकडे पहिला पैसा काम देणाऱ्याने घातलेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पीठ त्याचं, तंबाखू त्याचा, नुकसानीचा पहिला धोकाही त्याचाच.

घरून करायची खोटी कामं आली ती हे उलटं करून. एकेकाळी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'घरबसल्या कमवा' असं एका ओळीत असे, खाली पोस्ट बॉक्सचा क्रमांक आणि माहितीपत्रकासाठी मनीऑर्डर करायची सूचना. अमेरिकेत याच जातीची पाकिटं भरण्याची कामं फार जुनी आहेत. तिथलं टपाल खातं त्यांच्यापासून सावध राहायला सांगत आलं आहे. आपल्याकडे इंटरनेटवर याचा पहिला मोठा धडाका उडवला तो स्पीक एशिया या कंपनीने. ११,००० रुपये भरायचे आणि घरी बसून दर आठवड्याला दोन सर्वेक्षणं भरायची, प्रत्येकाचे ५०० रुपये. २०११ मध्ये ते सगळं कोसळलं आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. गावोगावच्या हजारो माणसांनी ती सर्वेक्षणं मन लावून भरली होती. त्यांची मतं विकत घेणारा कोण आहे, हे फार थोड्यांनी विचारलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कार्य दलाने नोएडातली 'सोशल ट्रेड' नावाची योजना पकडली. तिथे एका क्लिकचे पाच रुपये मिळत, आणि क्लिक करण्याचा हक्क मिळवायला ५७,५०० रुपयांपर्यंतचं पॅकेज घ्यावं लागे. पोलिसांनी सांगितलेला घोटाळ्याचा आकडा सुमारे ३,७०० कोटींचा होता. दोन्ही ठिकाणी जुन्यांना मिळणारे पैसे नव्यांच्या खिशातून येत होते. एका क्लिकला पाच रुपये मोजावेत असं त्या क्लिकमध्ये काय आहे, हा साधा प्रश्न तेव्हा विचारणारा माणूस नतद्रष्ट ठरे.

फसलेल्यांना लोभी म्हणायची आपल्याकडे एक घाणेरडी सवय आहे. बाळंतपणासाठी नोकरी सोडलेली आणि पुन्हा कुणी घेत नाही अशी अकाउंटंट, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून बाहेर पडू न शकणारी सून, पेन्शन नसलेले साठीतले गृहस्थ: यांनी महिन्याला पंधरा-वीस हजारांच्या कामाची आशा धरली तर त्यात लोभ कुठे आला? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या आमिषाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचं लक्ष्य होतं, असं गृह मंत्रालयाने तेव्हा सांगितलं, आणि 'घर बैठे जॉब' असल्या शब्दांवर जाहिराती लावून माणसं गाठली जात होती, हेही सांगितलं. म्हणजे ठग लोभी माणूस शोधत नाहीत. ते गरजू माणूस शोधतात, आणि गरजू माणूस स्वतःच गुगलला आपली गरज सांगत असतो.

आता मेलकडे. मेलची यंत्रणा मुळातच भोळी आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल इकडून तिकडे नेण्याचे नियम लिहिले, तेव्हा एकमेकांना ओळखणारे विद्यापीठातले लोक ती वापरत होते. पाठवणाऱ्याने आपलं नाव खरं लिहिलं आहे की नाही, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. इनलँड पत्राच्या मागे 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहावं आणि पोस्टमनने मुकाट्याने पत्र आणून टाकावं, तसं. पुढे यावर तीन ठिगळं लागली: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. जीमेलमध्ये मेल उघडून कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर गेलं की 'शो ओरिजिनल' असा पर्याय मिळतो, तिथे या तिन्हींपुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं दिसतं. मोठ्या कंपनीच्या नावाने आलेल्या मेलपुढे 'फेल' दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

'पास' दिसलं म्हणून मात्र हुरळून जाऊ नये. मेल त्या डोमेनवरून खरंच निघाली, एवढंच 'पास' सांगतं. ते डोमेन कुणाचं, हे सांगत नाही. ठगाने काल रात्री काही शे रुपयांत विकत घेतलेलं डोमेनही ही परीक्षा आरामात पास होतं. म्हणून पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावावी. ॲट चिन्हानंतरच्या भागात शेवटच्या डॉट कॉमच्या किंवा डॉट इनच्या लगेच आधी जे नाव आहे, तो खरा मालक. त्याच्या डावीकडे कंपनीचं कितीही मोठं नाव लिहिलेलं असो, ती नुसती सजावट. 'करिअर्स', 'एचआर', 'इंडिया', 'जॉब्स' असे शब्द आडवी रेघ घालून कंपनीच्या नावाला चिकटवलेले दिसले की थांबावं. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाचला जातो, हीही जुनी युक्ती. डॉट जीओव्ही डॉट इन हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो, तेव्हा सरकारी भरतीची मेल डॉट ऑर्ग किंवा डॉट कॉमवरून आली तर ती कुणी धाडली असेल ते समजावं. आणि उत्तर द्यायला बटण दाबल्यावर वरच्या रकान्यात जो पत्ता येतो तो नीट बघावा. मेल एका पत्त्यावरून येते आणि उत्तर जातं भलत्याच जीमेलला, असं फार वेळा असतं. टीसीएसने आपल्या उमेदवारांसाठी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की कंपनी जीमेल, याहू, रेडिफमेलसारख्या फुकटच्या पत्त्यांवरून नोकरीची पत्रं पाठवत नाही आणि उमेदवाराकडून पैसे घेत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अशी सूचना असते. ती कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

लेटरहेडवर कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक छापलेला असला की आपल्याकडे माणूस निम्मा विरघळतो. हे दोन्ही क्रमांक कुणालाही फुकट शोधता येतात, म्हणजे ठगालाही. तो खऱ्या कंपनीचेच क्रमांक उचलून छापतो. पण त्यात त्याच्या हातून गोंधळ होतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४, उत्तर प्रदेशचे ०९. पत्ता ठाण्याचा आणि क्रमांक ०९ ने सुरू होणारा असेल तर विचारायला हवं. दुसऱ्या राज्यातली नोंदणी असूही शकते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव येतं. बऱ्याचदा ते निघतं कुठल्या तरी मार्बल किंवा कापडाच्या दुकानाचं, आणि मग त्या दुकानाला घरून टायपिंग करणारी माणसं कशाला हवीत, हा मूळ प्रश्न परत येतो.

महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त छळ ज्याने मांडला आहे तो सापळा डेटा एंट्रीचा, आणि त्याच्यावर मी या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं खर्च केली आहेत. इथे सुरुवातीला पैसे मागतच नाहीत, म्हणून सावध माणूसही आत शिरतो. मेलला होकार दिला की आधार, पॅन, फोटो आणि सही मागतात. मग येतो करार: इंग्रजीत, आठ-दहा पानांचा, वर स्टॅम्प पेपरची प्रतिमा. त्यावर मोबाइलवरूनच सही करायची. मग एक लॉगिन मिळतं. समोर पुसट स्कॅन केलेले फॉर्म येतात, नावं, पत्ते, मोठमोठे आकडे, ते बघून बघून टाइप करायचे. पाच-सहा दिवसांत अमुकशे फॉर्म, आणि अचूकता ९० टक्क्यांच्या वर. घरातली सगळी माणसं आलटूनपालटून बसतात. मुदत संपायला आली की संकेतस्थळ हळू चालायला लागतं किंवा बंदच पडतं. नाहीतर काम पूर्ण होतं आणि 'क्वालिटी रिपोर्ट' येतो: अचूकता ८१ टक्के. कुठल्या फॉर्ममध्ये काय चुकलं हे कधीच सांगत नाहीत. विडीच्या ठेकेदाराने बाजूला काढलेली छाट निदान हातात धरून बघता येत असे.

यानंतर खरा धंदा सुरू होतो. करारातलं कुठलं तरी कलम दाखवून पाच-सहा हजारांचा 'युटिलिटी चार्ज' मागतात. दिला नाही की वकिलाच्या नावाने फोन येतो, व्हॉट्सॲपवर नोटीस येते, तिच्यावर तराजूचं चित्र, अशोकस्तंभ, लाल शिक्का आणि खटल्याचा एक लांबलचक क्रमांक. उद्या पोलीस घरी येतील, पासपोर्ट अडकेल, नवऱ्याच्या ऑफिसात कळवू. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं ऐकत वाढलेलं मराठी घर इथे मोडतं. लोक पैसे देतात, आणि एकदा दिले की दुसऱ्या कलमाची आठवण निघते.

या सगळ्यात कायद्याचं बळ किती? फॉर्म अपुरे राहिले म्हणून कुणाला अटक होत नाही. करार मोडला तर तो दिवाणी मामला. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची कितीही रक्कम लिहिलेली असो, मिळेल ती वाजवी भरपाई, आणि तीही न्यायालयाने ठरवलेली. फसवून घेतलेला करार फसलेल्याला रद्दबातल करता येतो, हे त्याच कायद्यात आहे. उलट, संगणकाच्या आधारे दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८देखील फसवणुकीसाठी लागू आहे. नोटिशीची शहानिशाही घरबसल्या करता येते. खरा खटला दाखल झालेला असेल तर त्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो सापडतो. खऱ्या वकिलाची सनद बार कौन्सिलकडे नोंदलेली असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती कौन्सिल एकच आहे. फोनवरच्या 'ॲडव्होकेट साहेबां'ना सनदेचा क्रमांक विचारून बघावा. पुढचा संवाद लवकर आटोपतो.

आणि काम? पुसट स्कॅनमधला मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर आता मोबाइलमध्येही असतात. माणसाच्या डोळ्यांनी तपासायची गरज अजूनही असते, पण ती बँकेच्या, रुग्णालयाच्या, न्यायालयाच्या खऱ्या कागदांसाठी, आणि असले कागद कुठलीही बरी संस्था ओळखदेख नसलेल्या माणसाच्या घरच्या लॅपटॉपवर सोडून देत नाही. ज्या फॉर्मवरची नावं आणि आकडे बघता क्षणी बनावट वाटतात, ते भरून घेण्यात कुणालाच रस नाही. गिऱ्हाईक नाही.

दुसरा मोठा सापळा 'टास्क'चा. मेल नुसती दार उघडते, पुढचं सगळं टेलिग्रामवर चालतं. हॉटेलला पाच तारे द्या, व्हिडिओ लाइक करा, स्क्रीनशॉट पाठवा. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, आणि त्यानेच माणूस फसतो: फसवणारा पैसे कशाला देईल? मग 'प्रीपेड टास्क' येतात. हजार भरा, तेराशे घ्या. तेराशेही मिळतात. मग पाच हजार, तीस हजार, दीड लाख. वॉलेटमधला आकडा पडद्यावर फुगत जातो, काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरायला सांगतात. ग्रुपमधले जे बाकीचे सभासद आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, ते ठगांच्याच टोळीतले. या प्रकारात एक गोष्ट फार उशिरा कळते. सुरुवातीला आलेले ते दीडशे-तेराशे रुपये दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशाची साखळी शोधत येतात आणि आपलंही खातं गोठतं. स्वतः लुबाडला गेलेला माणूस दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला आपण ठग नाही हे समजावत बसतो.

'पेमेंट एजंट', 'अकाउंट हँडलर' ही नावं दिसली तर तिथे काम म्हणजे आपलं बँक खातंच. खात्यात पैसे येतील, दोन-तीन टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवायचे. हे काम करणारा पोलिसांच्या लेखी फसलेला राहत नाही, तो साखळीतला दुवा ठरतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना विद्यापीठाच्या मेलवर याचा चुलतभाऊ भेटतो: प्राध्यापकाच्या नावाने 'रिसर्च असिस्टंट'चं काम, सामान घेण्यासाठी आगाऊ चेक, आणि उरलेले पैसे अमुक ठिकाणी पाठवण्याची विनंती. तिथल्या बँका चेकची रक्कम लवकर वापरायला देतात, चेक खोटा ठरतो काही दिवसांनी, आणि पुढे पाठवलेले डॉलर विद्यार्थ्याच्या अंगावर पडतात. एफबीआयने २०१७ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी याबद्दल जाहीर इशारा काढला होता.

खरी मेल कशी असते, हेही सांगायला हवं, नाहीतर प्रत्येकच मेल खोटी वाटायला लागेल आणि त्यात चांगलं काम हातचं जाईल. खरी मेल सहसा कंटाळवाणी असते. तिच्यात कामाचं वर्णन पगारापेक्षा लांब असतं. मुलाखतीला समोर माणूस येतो, व्हिडिओ लावतो, तुम्हाला न येणारं काहीतरी विचारतो. पगाराच्या पत्रात भविष्य निर्वाह निधी, टीडीएस, नोटीस पीरियड अशा नावडत्या गोष्टी असतात. तुम्ही दोन दिवस मागितलेत तर मिळतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून बोर्डाचा क्रमांक काढून फोन केला तर तिथल्या कुणालातरी ही भरती माहीत असते. लॅपटॉपसाठी अनामत, प्रशिक्षणाची फी, 'परत मिळणारी' नोंदणी, पोलीस पडताळणीचा खर्च हे सगळं उमेदवाराकडून घेणारी कंपनी एखादी खरी असलीच, तरी तिच्याकडे नोकरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशी नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला मात्र कायद्याने सेवाशुल्क घेता येतं, तेही जीएसटी वगळता ३०,००० रुपयांपर्यंतच, आणि त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावं लागतं.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० वर. भावाला, मित्राला, ग्रुपवर नंतर. ही हेल्पलाइन बँकांशी जोडलेली आहे, आणि पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममध्ये किंवा क्रिप्टोत जायच्या आत तो कुठेतरी अडवता येतो का, एवढंच त्या पहिल्या तासांत महत्त्वाचं असतं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ लागणार नाही असं सांगतं, आणि लोक ते घेऊन बँकेत भांडायला जातात. पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे यूपीआयचा पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे बँक हात वर करते आणि बहुतेक वेळा नियम तिच्या बाजूने असतो. मेल पुसू नका. ती पोलिसांना फॉरवर्डही करू नका, कारण फॉरवर्ड केली की ती कुठल्या सर्व्हरवरून निघाली याची मूळ नोंद जाते. 'शो ओरिजिनल'मधून मूळ फाइल उतरवून घ्या आणि ती द्या. टेलिग्रामचा ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण पलीकडच्याला तिथला मजकूर दोन्हीकडून पुसता येतो.

शेवटचं प्रकरण या मेल लिहिणाऱ्यांवर आहे, आणि ते कशाला, असं हस्तलिखित वाचणाऱ्या काहींनी विचारलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या अहवालाचा अंदाज असा की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असावीत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधून ५४९ भारतीयांना परत आणलं. ही माणसं सीमेपलीकडच्या म्यानमारमधल्या अशाच केंद्रांतून सुटलेली होती. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने तिथून साठहून अधिक जणांची सुटका केली आणि त्यांना पाठवणाऱ्या एजंटांना पकडलं. यांतल्या अनेकांना थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी मिळेल असं सांगून नेलं होतं. पारपत्रं काढून घेतली गेली, आणि दिवसाचे चौदा-पंधरा तास दुसऱ्यांना गळाला लावायचं काम हातात आलं. परत आल्यावर त्यांच्याकडे पोलिसांनी आरोपी म्हणून बघायचं की बळी म्हणून, याचं उत्तर प्रकरणागणिक वेगळं मिळतं, आणि कायद्यात त्यासाठी सरळ रेघ ओढलेली नाही. म्हणून ते प्रकरण पुस्तकात ठेवलं आहे.